पाचवा कोण? प्लेऑफ्सच्या तोंडावर बास्केटबॉलचा कोच काय हिशेब मांडतो

एप्रिल लागला की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणाऱ्या नाशिककरांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं ऐकू येतं. पहाटे साडेचार-पाचचा गजर लावून उठायचं, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून मॅच लावायची, आणि बघतो तर काय, ज्याच्यासाठी उठलो तोच गडी साध्या कपड्यांत बेंचवर बसून हसतोय. दुखापत नाही, भांडण नाही, नुसती विश्रांती. दोन आठवड्यांनी प्लेऑफ्स, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू होतात आणि गाऱ्हाणं बदलतं. वर्षभर रोज पंचवीस-तीस मिनिटं खेळलेला माणूस आता चार मिनिटांत बाहेर येतो आणि जो बसतो तो उठतच नाही. सातपूर-अंबडची फर्स्ट शिफ्ट गाठायची म्हणून अर्ध्यात मॅच सोडून निघालेली मंडळी दुपारी डब्याच्या सुट्टीत स्कोअर बघतात आणि एकमेकांना विचारतात, याला बसवला कशाला?

दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे, आणि तो हिशेब वाटतो तितका अवघड नाही. आधी स्पर्धेची रचना पटकन उरकून टाकू.

एनबीएत ३० संघ, पूर्व आणि पश्चिम अशा दोन कॉन्फरन्समध्ये पंधरा-पंधरा. ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. दोन्हीकडचे पहिले सहा थेट प्लेऑफ्समध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाचे संघ 'प्ले-इन' खेळतात आणि त्यातून उरलेल्या दोन-दोन जागा भरतात. पुढं चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी जास्तीत जास्त सात सामने, आधी चार जिंकेल तो पुढं. अजिंक्यपदासाठी १६ विजय लागतात.

यातला कळीचा भाग आकड्यांत नाही, 'एकाच प्रतिस्पर्ध्याशी' या शब्दांत आहे. साखळीत आज डेन्व्हर, उद्या फिनिक्स, परवा तिसराच संघ. समोरच्याचा अभ्यास करायला ना वेळ ना गरज. आपला नेहमीचा खेळ खेळायचा आणि पुढच्या विमानात बसायचं. प्लेऑफ्समध्ये मात्र दोन आठवडे समोर तेच चेहरे. पहिल्या सामन्यात तुमच्या एका खेळाडूची डावी बाजू कच्ची दिसली, तर दुसऱ्या सामन्यात सगळा हल्ला त्या डाव्या बाजूनं येणार.

क्रिकेट बघून मोठ्या झालेल्या आपल्या डोळ्यांना आणखी एक गोष्ट सवयीची नाही. क्रिकेटमध्ये अकरा जण एकदा ठरले की ठरले. हल्ली आयपीएलमध्ये एक इम्पॅक्ट प्लेअर आला तेवढाच काय तो अपवाद. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर पाचच असतात, पण बदली किती वेळा करावी याला मर्यादा नाही, आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. त्यामुळं संघनिवड सामन्याच्या आदल्या रात्री संपत नाही, ती ४८ मिनिटं चालूच राहते. 'लाइनअप' म्हणजे एका वेळी कोर्टवर असलेले ते पाच जण. एक आत, एक बाहेर, की लाइनअप नवा झाला.

आता मार्चअखेरीस कोचच्या डोक्यात काय चालतं ते पाहू. त्याला वरचा क्रमांक हवा असतो, कारण त्यानं पहिले दोन सामने आणि वेळ आली तर सातवाही घरच्या मैदानावर मिळतो. त्याला खेळाडूंचे गुडघे, घोटे शाबूत हवे असतात. आणि ज्याची चर्चा कमी होते पण जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे त्याला माहिती हवी असते. हे दोन उंच खेळाडू एकत्र चालतील का? दुखापतीतून परतलेला गार्ड, म्हणजे बॉल हाताळणारा बाहेरचा खेळाडू, वीस मिनिटांनंतर लंगडतो का? नवख्या पोराला शेवटच्या दोन मिनिटांत बॉल दिला तर हात थरथरतात का? या प्रश्नांची उत्तरं एप्रिलच्या आधी मिळवायची, तर काही सामने पणाला लावावेच लागतात. पहाटे उठून आपण जो विचित्र, विस्कळीत सामना बघतो, तो पुष्कळदा कोचनं विकत घेतलेला धडा असतो.

विश्रांतीचं म्हणाल तर तो वाद जुना आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सचे कोच ग्रेग पॉपोविच यांनी मायामीविरुद्धच्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन अशा चौघांना सरळ घरी पाठवून दिलं. सामना राष्ट्रीय टीव्हीवर होता. लीगनं संघाला अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला. गंमत अशी, की त्याच मोसमात हाच स्पर्स संघ अंतिम फेरीत पोचला आणि समोर उभा राहिला तो मायामीच. सात सामन्यांत हरला, पण पोचला. पुढं २०१८-१९मध्ये टोरोंटो रॅप्टर्सनी कवाय लेनर्डला ८२पैकी ६० सामनेच खेळवलं, आणि जूनमध्ये तोच अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, टोरोंटो पहिल्यांदा अजिंक्य झालं. तेव्हापासून 'लोड मॅनेजमेंट' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. तिकिटं काढून आलेल्यांचं काय, हा प्रश्न लीगलाही टोचत होताच. म्हणून २०२३-२४पासून नियम कडक झाले: एकाच सामन्यात दोन-दोन बड्या खेळाडूंना बसवायला मनाई, आणि एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) यासारखे पुरस्कार हवे असतील तर किमान ६५ सामने खेळायचे. तरी शेवटच्या आठवड्यात क्रमांक पक्का झाला, की बेंचवर साधे कपडे दिसतातच.

क्रमांकाच्या बाबतीत सगळे जण वरच चढू पाहतात असंही नाही. २०२१मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सनी मोसमातले शेवटचे दोन सामने ह्यूस्टन आणि ओक्लाहोमा सिटी या तळाच्या संघांकडून गमावले आणि चौथ्या क्रमांकावर राहिले. त्यामुळं गतविजेत्या लेकर्सशी लवकर गाठ पडणार नाही अशा बाजूला ते गेले. मुद्दाम हरले असं कुणी कबूल केलं नाही, पण बघणाऱ्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मला स्वतःला हा प्रकार फार शहाणपणाचा वाटत नाही. पहिल्या फेरीत डॅलसनं त्यांना सातव्या सामन्यापर्यंत घाम फोडला.

कागदावरच्या काही मर्यादाही इथंच आड येतात. दुसऱ्या संघानं करारातून मोकळा केलेला खेळाडू घ्यायचा, तर तो १ मार्चपर्यंत मोकळा झालेला असावा लागतो, नाहीतर त्याला प्लेऑफ्समध्ये खेळता येत नाही. छोट्या लीगमध्ये ये-जा करणारे 'टू-वे' करारावरचे खेळाडूही प्लेऑफ्सला चालत नाहीत; एखाद्याची गरज वाटली तर त्याला मोसम संपायच्या आत नेहमीचा करार द्यावा लागतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या अनोळखी पोराला अचानक करार मिळाल्याची बातमी येते, ती या कारणानं.

आता मिनिटांकडं वळू, कारण खरा खेळ तिथं आहे. सामना ४८ मिनिटांचा, कोर्टवर पाच जण. म्हणजे कोचकडं वाटायला २४० मिनिटं. साखळीत पाच स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला उतरणारे, सरासरी ३२ मिनिटं खेळले असं धरा. १६० मिनिटं संपली, ८० उरली. त्यात बेंचवरचे पाच जण सुखानं मावतात. प्लेऑफ्समध्ये तेच स्टार्टर ३८-३८ मिनिटं खेळायला लागतात. हे शक्य होतं, कारण लागोपाठच्या रात्री सामने नसतात, मध्ये निदान एक दिवस मोकळा असतो आणि प्रवास दोनच शहरांत. १९० मिनिटं गेली, उरली ५०. या पन्नासात पाच जण बसवले तर प्रत्येकाला दहा मिनिटं, म्हणजे अंग गरम व्हायच्या आत बाहेर. म्हणून कोच तिघांना घेतो आणि बाकीच्यांना बसवतो. दहा जणांचा संघ आठांचा होतो.

निफाड-दिंडोरीकडं द्राक्षाची विरळणी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. कात्रीनं घडातले जे मणी काढले जातात ते किडलेले नसतात. चांगलेच असतात, पण ते ठेवले तर उरलेले फुगत नाहीत. बेंचवर गेलेला नववा-दहावा खेळाडूही तसाच. त्याचं काही चुकलेलं नसतं.

पण मग कुणाला ठेवायचं? इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं, सगळ्यात चांगले आठ ठेवायचे. कोच तसा विचार करत नाही. पहिले तीन-चार तर कुणीही सांगेल. सगळी झोपमोड होते ती पाचव्यासाठी. आणि पाचव्याला निवडताना प्रश्न 'याला काय येतं' हा नसतो, 'याला काय येत नाही, आणि समोरच्यांना ते वापरता येईल का' हा असतो.

हे मला कळलं ते टीव्हीवर नाही, आमच्या कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर. रविवारी सकाळी तिथं बारावी-कॉलेजची पोरं खेळतात. एखादा गडी कमी पडला की माझ्यासारख्या चाळिशीपलीकडच्याला आत ओढतात. खेळ सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत, तोच पलीकडून आरोळी येते, "काकांवर घे! काकांवर घे!" त्यांचा बॉल हाताळणारा पोरगा माझ्या बाजूला सरकतो, मी ज्याला अडवायचं तो गडी येऊन त्या पोराच्या रक्षकाच्या, म्हणजे त्याला अडवणाऱ्याच्या, वाटेत आडवा उभा राहतो, आणि क्षणात त्या पोराच्या समोर मी एकटा. पुढं काय होतं ते सांगायला नकोच. तीन बास्केट झाल्या की आमच्याच बाजूचा कुणीतरी अगदी आदबीनं म्हणतो, "काका, थोडं पाणी पिऊन घ्या ना."

जगातल्या सगळ्यात महागड्या कोर्टवर नेमकं हेच घडतं, फक्त तिथले 'काका' सहा फूट दहा इंचांचे असतात. वाटेत आडवं उभं राहण्याला स्क्रीन म्हणतात. त्यामुळं अडकलेला रक्षक आणि स्क्रीन लावणाऱ्याचा रक्षक यांनी आपापली माणसं बदलून घेतली, तर तो स्विच. हल्ला करणारा संघ आधी पाचही रक्षकांकडं नजर टाकतो, सगळ्यात कच्चा कोण ते हेरतो, मग तो ज्याला राखतोय त्यालाच स्क्रीन लावायला बोलावतो. स्विच झाला की आपल्या सर्वोत्तम खेळाडूसमोर त्यांचा सर्वांत कच्चा रक्षक. शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांत हे दोनदासुद्धा करता येतं. साखळीत संघ याचा फार पाठपुरावा करत नाहीत, कारण सतत एकाच माणसावर खेळलं की आपला नेहमीचा ओघ बिघडतो. प्लेऑफ्समध्ये लाजलज्जा सोडून, त्या माणसाला कोच बाहेर काढेपर्यंत करतात.

उलट्या बाजूनंही हेच. ज्याला लांबून शॉट मारता येत नाही त्याच्यापाशी कुणी फिरकतच नाही. त्याचा रक्षक मोकळा होऊन बास्केटखाली जाऊन उभा राहतो आणि बाकी चौघांची वाट अडवतो. पाचात एक जरी असा असला, तरी उरलेल्या चौघांचं काम दुप्पट अवघड होतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जून २०१५. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. क्लीव्हलँडकडं लेब्रॉन जेम्स. बाकीचे दोन मोठे खेळाडू, केव्हिन लव्ह आणि कायरी अर्विंग, जायबंदी. तरी तीन सामन्यांनंतर ते २-१ असे पुढं होते. खेळ त्यांनी मुद्दाम संथ केला होता, आणि सात फुटी अँड्र्यू बोगट कोर्टवर असताना वॉरियर्सची पळापळ सुरूच होत नव्हती. बोगट चांगला रक्षक, पण बास्केटपासून दूर त्याला शॉट नाही. त्याच्याजवळ कुणी उभं राहण्याची गरजच नव्हती. वॉरियर्सच्या निक युरेन या तरुण सहाय्यकानं जुने सामने चाळून सुचवलं: बोगटला बसवा, आंद्रे इग्वाडालाला सुरुवात करू द्या. सहा फूट सहा इंचांचा ड्रेमंड ग्रीन सेंटर, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी, खेळेल.

इग्वाडाला हा आधीच्या दहा मोसमांत कायम स्टार्टर राहिलेला माणूस. त्या वर्षी नवे कोच स्टीव्ह कर यांनी त्याला बेंचवरून खेळायला सांगितलं होतं, आणि साखळीत एकदाही तो पहिल्या पाचात नव्हता. चौथ्या सामन्याआधी पत्रकारांनी लाइनअप बदलणार का असं विचारलं, तर कर चक्क खोटं बोलले. बदल नाही म्हणाले. सामना वॉरियर्सनी १०३-८२ असा जिंकला. त्यात क्लीव्हलँडचा सात फुटी टिमोफे मॉझगोव्ह यानं २८ गुण केले, कारण त्याला अडवायला तेवढा उंच कुणी नव्हताच! वॉरियर्सनी ते होऊ दिलं. त्यांचा हिशेब असा, की मॉझगोव्ह आपल्यावर दोन-दोन गुण करेल, आपण पळून, मोकळी जागा करून त्याहून जास्त करू. आणि पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडचे कोच डेव्हिड ब्लॅट यांनी काय केलं? त्या मॉझगोव्हलाच बसवलं, नऊ मिनिटं खेळवलं. आदल्या सामन्यात २८ गुण करणारा माणूस! बचावात त्याला छोट्या, चपळ वॉरियर्सच्या मागं धावता येत नव्हतं. म्हणजे एका संघानं आपला पाचवा बदलला आणि समोरच्यालाही त्याचा पाचवा बदलायला लावला. वॉरियर्स सलग तीन जिंकून ४-२ने अजिंक्य झाले, आणि अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वाडालाला मिळाला.

या गोष्टीचा एक तोटा झाला. सगळ्यांना वाटायला लागलं, की उत्तर नेहमी 'छोटा संघ खेळवा' हेच. तसं नाही. डॅलसचे तेव्हाचे कोच रिक कार्लाइल घ्या. २०११च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध १-२ असे मागं असताना त्यांनी चौथ्या सामन्यात डेशॉन स्टीव्हन्सनऐवजी जे. जे. बारेआला सुरुवातीला आणलं, जो कागदोपत्री जेमतेम सहा फूट. उद्देश एवढाच, की बॉल घेऊन आत घुसणारा आणखी एक माणूस हवा. डॅलस पुढचे तिन्ही सामने जिंकून अजिंक्य. तेच कार्लाइल दहा वर्षांनी, २०२१मध्ये, क्लिपर्सविरुद्धच्या त्या सात सामन्यांच्या मालिकेच्या उत्तरार्धात सात फुटांहून बराच उंच बोबान मार्जानोविचला सुरुवातीला उतरवतात! क्लिपर्सनी आपला संघ छोटा केला होता, कार्लाइलनी डोंगर उभा केला. या वेळी मालिका हरले, पण विचार तोच होता.

क्लिपर्सचा छोटा संघ पुढच्या फेरीत युटा जॅझवर तुटून पडला. युटा त्या वर्षी साखळीत अख्ख्या लीगमध्ये अव्वल. त्यांचा सेंटर रूडी गोबेर त्याच मोसमाचा सर्वोत्तम बचावपटू, तोही तिसऱ्यांदा. गोबेरची ताकद बास्केटखाली उभं राहण्यात. क्लिपर्सनी पाचही जण लांबून शॉट मारू शकतील असे ठेवले. गोबेरनं आत मदतीला जायचं, तर त्याचा माणूस कोपऱ्यात मोकळा. माणसाला चिकटून राहायचं, तर बास्केट मोकळी. सहाव्या सामन्यात टेरेन्स मॅननं असे शॉट टाकत ३९ गुण केले, २५ गुणांची पिछाडी भरून काढत क्लिपर्स जिंकले आणि युटा घरी गेलं. गोबेरची त्यानंतर बरीच टिंगल झाली. माझ्या मते ती अन्यायाची होती. बॉल घेऊन येणाऱ्याला बाहेरचे रक्षक रोखूच शकत नव्हते, म्हणून त्याला दरवेळी आत धावावं लागत होतं. भोक एकीकडं आणि पाणी दुसरीकडून गळत होतं.

मला सगळ्यात आवडतं ते २०२०च्या लेकर्सचं उदाहरण. बुटक्या, चपळ ह्यूस्टनसमोर कोच फ्रँक व्होगेल यांनी जाव्हेल मॅगीला बसवून मार्कीफ मॉरिसला सुरुवातीला आणलं आणि संघ छोटा केला. पुढच्या फेरीत डेन्व्हरचा भारदस्त निकोला योकिच समोर आला, तसा धिप्पाड ड्वाइट हॉवर्ड पहिल्या पाचात आला. मायामीविरुद्ध अंतिम फेरीत हॉवर्ड सुरुवात करत होता, आणि सहाव्या सामन्यात त्यालाही बसवून अॅलेक्स कारुसो हा गार्ड आला. तो सामना जिंकून लेकर्स अजिंक्य झाले. लेब्रॉन आणि अँथनी डेव्हिस जागचे हलले नाहीत. पाचवा मात्र समोर कोण आहे ते बघून बदलत गेला. आणि ज्यांना बसवलं त्यांनी तोंड वाकडं केल्याचं बाहेर दिसलं नाही, यातही कोचचं बरंच कसब असतं. जिल्हा संघाच्या निवडीनंतर पोरांचे वडील कसे बोलतात ते ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे कसब किती मोठं ते कळेल.

बदल म्हणजे हमखास यश, असंही समजू नका. २०२५मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर साखळीत ६८ सामने जिंकून आलेला संघ. अंतिम फेरीत वेगवान इंडियानासमोर कोच मार्क डेग्नॉल्ट यांनी पहिल्याच सामन्यात उंच आयझाया हार्टनस्टाइनला बसवून केसन वॉलेस या गार्डला सुरुवात दिली. समोरचा संघ काही करायच्या आधीच आपण बदललो. इंडियाना १११-११० असा जिंकला, शेवटचा शॉट ०.३ सेकंद उरले असताना. तीन सामन्यांनंतर थंडर १-२ने मागं. चौथ्या सामन्यात हार्टनस्टाइन परत पहिल्या पाचात, आणि मालिका थंडरनं ४-३ने घेतली. आता पहिला बदल चुकला होता का? एका शॉटनं ठरलेल्या सामन्यावरून तसं म्हणता येत नाही. तो शॉट रिंगवर आपटून बाहेर गेला असता, तर आपण सगळे डेग्नॉल्टच्या दूरदृष्टीवर बोलत बसलो असतो.

इथंच आकड्यांचा सापळा येतो. हल्ली प्रत्येक लाइनअपचा हिशेब मोबाइलवर मिळतो: हे पाच जण कोर्टवर असताना संघानं समोरच्यापेक्षा दर शंभर चालींमागं किती गुण जास्त केले. चाल म्हणजे बॉल ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतचा वेळ. आकडा दिसायला फार भारदस्त दिसतो. पण १५ खेळाडूंतून पाच जणांच्या ३,००३ जोड्या होतात. दहांतून २५२, आठांतून ५६. बहुतेक जोड्या वर्षभरात मोजकीच मिनिटं एकत्र खेळतात. एखादा लाइनअप १२० मिनिटं खेळला, तर साधारण २५० चाली झाल्या. तेवढ्यात समोरच्या संघानं तीन गुणांचे नव्वदेक शॉट मारले असं धरा. सरासरीनं त्यातले बत्तीस-तेहतीस आत जायचे. त्यातले पाच निव्वळ नशिबानं बाहेर गेले, की पंधरा गुण वाचले, म्हणजे दर शंभर चालींमागं सहा. सहाचा फरक हा मधल्या फळीतला संघ आणि अजिंक्यपदाचा दावेदार यांच्यातला फरक आहे! बचाव काडीचाही सुधारलेला नसताना आकडा म्हणतो, हा लाइनअप भन्नाट. म्हणून जाणते कोच आकडा बघतात आणि मग व्हिडिओ लावतात: शॉट बाहेर गेले ते कुणी हात आडवा घातला म्हणून, की मोकळ्यानं मारलेले चुकले म्हणून?

सुरुवातीचे पाच आणि शेवटचे पाच यातला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मनू जिनोबिलीसारखा खेळाडू वर्षानुवर्षं बेंचवरून आला, पण सामना अटीतटीचा असला की शेवटी कोर्टवर तो असायचाच. पहिल्या पाचात नाव येणं हा मान. शेवटच्या चार मिनिटांत असणं हा विश्वास. एखाद्या मोठ्या खेळाडूला उशिरा आणण्यामागं साधं कारण असतं: दोन तारे असतील, तर दोघं एकाच वेळी विश्रांती घेणार नाहीत याची सोय. एक बसला की दुसरा आत. आणि सहा फाउल झाले की खेळाडू बाद होतो, त्यामुळं दुसऱ्या क्वार्टरमध्येच एखाद्याचे तीन फाउल झाले, की हा सगळा रचलेला डाव कोसळतो आणि कोचला आठव्या-नवव्याकडं वळावं लागतं. शेवटच्या आठवड्यांत ज्यांना खेळवून पाहिलं, त्यांचा उपयोग इथं होतो.

२०१९मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, सॅक्रमेंटो आणि इंडियाना असे दोन संघ येऊन खेळून गेले. ते मोसमाआधीचे सराव सामने होते. तिथं कोण किती वेळ खेळला याला अर्थ नव्हता. प्लेऑफ्समध्ये प्रत्येक बदलीला अर्थ असतो, आणि तो शोधायला बॉलवरची नजर थोडी काढावी लागते. या वेळी पहिल्या सामन्यात दुसरा क्वार्टर सुरू होताना दोन्ही संघांचे कोण पाच उतरले ते कागदावर लिहून ठेवा. मोठे खेळाडू बसलेले असतात ती हीच वेळ, आणि सगळ्यात कच्ची जोडी इथंच उघडी पडते. पुढची सहा मिनिटं बॉल कुणाच्या दिशेनं जातोय ते बघा. एकच रक्षक दोनदा-तीनदा स्क्रीनमध्ये ओढला गेला, तर त्याच्या नावाखाली रेघ मारा. तिसऱ्या सामन्यापर्यंत एकतर त्याची मिनिटं निम्मी झालेली असतील, नाहीतर त्याला लपवण्यासाठी कोचनं बाकी चौघांची कामं बदललेली असतील; कोपऱ्यात नुसत्या उभ्या राहणाऱ्या, बॉल न मिळणाऱ्या माणसाला राखायला त्याला पाठवलेलं असेल.